मदत हवी आहे: नवी एम५ टूरिंग आणि डुप्लेक्स गॅरेजची वजनमर्यादा (म्युनिक)

नमस्कार मंडळी,

बीएमडब्ल्यूची नवी एम५ टूरिंग (म्हणजे स्टेशन वॅगन) घ्यायचं जवळपास ठरलंय. मागची, व्ही१० (दहा सिलिंडर) इंजिनवाली एम५ टूरिंग २०१० मध्ये बंद झाली, तेव्हापासून वाट पाहतोय! २०२४ ची ही प्लग-इन हायब्रिड आहे, ७२७ पीएस (अश्वशक्ती), पण वजन रिकामी असतानाच २,४७५ किलो. घोडं तिथेच अडलंय.

आमच्या सोसायटीत दोन मजली, हायड्रॉलिक डुप्लेक्स गॅरेज आहे, म्हणजे वर-खाली होणाऱ्या प्लॅटफॉर्मवर एकावर एक दोन गाड्या. माझी जागा वरची, पाटीवर मर्यादा २,००० किलो. लांबी (५.१० मीटर) आणि रुंदी टेप लावून मोजली, बसते. व्यवस्थापन म्हणतं, क्षमता वाढवायची तर आधी मालकांच्या बैठकीत ठराव हवा. गॅरेज बनवणाऱ्या कंपनीला मेल केलाय, तीन आठवडे झाले, उत्तर नाही. रस्त्यावर लावायची नाही, कारण चार्जिंग गॅरेजमध्येच आहे. साधी ५ सीरिज टूरिंग घे, हा सल्ला बायकोने देऊन झालाय.

कुणी जुन्या डुप्लेक्सची क्षमता वाढवून घेतली आहे का? फक्त हायड्रॉलिक्स बदलून भागलं की अख्खा प्लॅटफॉर्म बदलावा लागला? खर्च एकट्याने उचलला की खालच्या जागेच्या मालकानेही दिला?