मेहुणे पगार कमी दाखवतात, पोटगी कशी ठरते?

दादरकर:
बहिणीची घटस्फोटाची केस वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात आहे. मेहुणे पगार ४० हजार सांगतात, इन्सेन्टिव्ह लपवतात. निकालापर्यंत काही मिळेल का?

तारीख_पे_तारीख:
मिळतं. हिंदू विवाह कायदा, कलम २४: अंतरिम पोटगी (केस चालू असतानाची) आणि कोर्टखर्च. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत या अर्जाचा निकाल, असं कायदा म्हणतो (तारखांचं काय होतं ते ठाऊक आहेच). अर्ज लगेच टाका. 'रजनेश विरुद्ध नेहा' (२०२०) या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. उशीर केलात तर तेवढे महिने गेले.
दोघांनाही मालमत्ता-देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नुसत्या पगारपत्रकावर समाधान मानू नका. तीन वर्षांची बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं आणि फॉर्म १६ (कंपनी देते तो पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) मागा. इन्सेन्टिव्ह तिथे सापडतो. तरी देत नसतील तर कंपनीकडून पगाराची नोंद मागवण्याचा अर्ज करा.

दादरकर:
पगाराच्या २५ टक्के असा नियम आहे ना?

कलमकसाई:
नाही. २०१७ च्या एका निकालात तो आकडा आला, तेव्हापासून सगळे तोच धरून बसलेत. ताईंचं उत्पन्न, भाडं, मुलांची फी, राहणीमान सगळं बघतात. खर्चाचा तक्ता फुगवू नका, उलटतपासणीत अंगाशी येतो.
एकरकमी तडजोड झाली तर संमतीपत्रात डीडीचा (डिमांड ड्राफ्टचा) नंबर आणि रकमेचे टप्पे लिहून घ्या. 'यापुढे कसलाही दावा नाही' या ओळीत मुलांची पोटगी गुंडाळू देऊ नका. तो हक्क मुलांचा, आईला सोडता येत नाही.