जुना प्रोग्रॅम विंडोज ११ वर चालतोय, पण नोंदी गायब होतायत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या छोट्या ग्रंथालयात पुस्तकांची देवघेव एका जुन्या प्रोग्रॅमवर नोंदवतो. व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतला आहे, सगळा डेटा एकाच एमडीबी (ॲक्सेस डेटाबेस) फायलीत. ज्याने लिहिला त्याचा पत्ता नाही, सोर्स कोडही नाही. ३२-बिट विंडोज ७ वर इतकी वर्षं बिनतक्रार चालला. आता नव्या मशीनवर विंडोज ११ आलं आणि आमची साडेसाती सुरू झाली.

काय काय करून झालंय ते आधीच सांगतो. सीडीवरचा सेटअप उघडतच नाही. प्रोग्रॅम जुन्या विंडोजसारखा चालवणाऱ्या कम्पॅटिबिलिटी टॅबमधले एक्सपीपासूनचे सगळे पर्याय लावण्यात दोन संध्याकाळी घालवल्या. मग कळलं, प्रोग्रॅम ३२-बिट असला तरी त्याचा इन्स्टॉलर १६-बिट, म्हणजे त्याहून जुन्या पद्धतीचा आहे, आणि ६४-बिट विंडोजवर १६-बिट काहीच चालत नाही. तो टॅब तिथे काय करणार, कपाळ! शेवटी जुन्या मशीनवरचं अख्खं फोल्डर उचलून प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवलं.

मग एमएसकॉमसीटीएल नावाची ओसीएक्स फाइल (प्रोग्रॅमला लागणारा एक सुटा भाग) सापडत नाही म्हणून ओरड. ती आणून सिस्टिम३२ मध्ये टाकली, उपयोग शून्य. ३२-बिट फायलींची जागा म्हणे सिसवाऊ६४, आणि ६४-बिटवाल्यांची सिस्टिम३२. ही नावं कुणी ठेवली देव जाणे. मग सिसवाऊ६४ मध्ये टाकून रेगएसव्हीआर३२ या कमांडने विंडोजकडे रजिस्टर केली आणि प्रोग्रॅम उघडला.

आता खरी अडचण. नव्या मशीनवर आलो तेव्हा शेवटचा नोंद क्रमांक ४२८७ होता. आज माझ्या लॉगिनमध्ये तो ४३१२ दिसतो, सहकारी मॅडमच्या लॉगिनमध्ये ४३०६. मशीन तेच, आयकॉन तोच. मी काल दिलेली पुस्तकं त्यांना दिसत नाहीत, त्यांनी परत घेतलेली मला. फाइल करप्ट झाली असेल का?

प्रतिसाद १: राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करा. जुन्या प्रोग्रॅमचं निम्मं दुखणं त्यानेच जातं.

धागाकर्ता: केलं. आता तर ४२८७ च दिसतोय! दोघांच्याही नोंदी गेल्या. घाम फुटलाय.

प्रतिसाद २: घाबरू नका, काही गेलेलं नाही. आणि आता कृपया कुणीच नवी नोंद करू नका.

प्रोग्रॅम फाइल्समध्ये साध्या प्रोग्रॅमला लिहायची परवानगी नसते. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज अशा जुन्या प्रोग्रॅमला नाही म्हणण्याऐवजी गुपचूप फायलीची वेगळी प्रत करून देतं, प्रत्येक युजरला स्वतंत्र. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं की ही पळवाट बंद होते आणि मूळ फाइल उघडते. म्हणून ४२८७. तुमच्याकडे सध्या एकाच रजिस्टरच्या तीन वह्या आहेत.

दोघांच्याही लॉगिनमध्ये ॲपडेटा, त्यात लोकल, त्यात व्हर्च्युअलस्टोअर बघा. ॲपडेटा लपवलेलं असतं, हिडन आयटम्स दाखवायला सांगा. तिन्ही फायली आधी पेनड्राइव्हवर घ्या. मग प्रोग्रॅमचं फोल्डर थेट सी ड्राइव्हवर न्या, पण कट नको, कॉपी करा. कट केलं तर जुन्या परवानग्या सोबत येऊ शकतात.

धागाकर्ता: सापडल्या! दोन्ही प्रती तिथेच होत्या. पण ४२८८ पासूनचे क्रमांक दोन्हींत आहेत आणि पुस्तकं वेगळी. जोडायच्या कशा?

प्रतिसाद २: जोडायच्या फंदात पडू नका. तुमची फाइल नव्या फोल्डरमध्ये ठेवा आणि मॅडमच्या १९ नोंदी हाताने चढवा. अर्ध्या तासाचं काम आहे. डेस्कटॉपवरचा जुना शॉर्टकट मात्र आठवणीने उडवा, नाहीतर कुणीतरी पुन्हा जुन्याच वहीत लिहील.

धागाकर्ता: ११ झाल्या, ८ बाकी. मॅडम वाचून दाखवतायत, मी टाइप करतोय. शॉर्टकट दोन्ही लॉगिनमधून उडवला. एफ१ दाबल्यावर हेल्प उघडत नाही, पण ती आम्ही आधीही कधी उघडली नव्हती.