वाढदिवसाच्या केकवर राष्ट्रध्वज: डेन्मार्कमधील प्रथेकडे कसे पाहावे?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): मुलगा डेन्मार्कमध्ये ऑरहूस येथे असतो. नातवाच्या वाढदिवसाला तेथील शेजाऱ्यांनी केकवर कागदी राष्ट्रध्वज खोवले आणि एक माझ्याही हाती दिला. कस्तुरचंद पार्कवर ध्वजवंदनाला ताठ उभे राहण्याचा संस्कार असलेल्या मला ते खटकले, तरीही त्यांच्या चेहऱ्यांवरील अभिमान खराच होता. पुढच्या वाढदिवसाला त्या ध्वजांच्या बाजूला तिरंगाही खोवावा, असे मुलगा म्हणतो. ते उचित होईल का?

उत्तर १ (महाल): काका, तो ध्वज घराघरांत कसा आला, हे आधी पाहावे. 1834 मध्ये तेथील राजाने सामान्य नागरिकांना 'दानेब्रो', म्हणजे डेन्मार्कचा ध्वज, फडकवण्यास मनाई केली होती. ती 1854 मध्ये उठली आणि राजाचा व सैन्याचा ध्वज लोकांचा झाला. 1864 नंतर जर्मनांच्या ताब्यात गेलेल्या, डेन्मार्कच्या दक्षिणेकडील श्लेसविग प्रांतात तो लावण्यावर बंदी होती आणि त्याच्या उत्तर भागात तो 1920 मध्ये पुन्हा उघडपणे फडकला. नागपूरकराला हे परके वाटू नये. 1923 च्या झेंडा सत्याग्रहात सिव्हिल लाइन्सकडे ध्वज घेऊन जाण्यासाठी लोकांनी तुरुंगवास पत्करला, जमनालाल बजाजांना अटक झाली आणि वल्लभभाई पटेल नेतृत्वासाठी येथे आले. ज्या ध्वजासाठी एवढे सोसले, त्याच्याशी आपण अंतर राखून वागतो. त्यांनी मात्र तो घरच्या आनंदात सामील करून घेतला. दोन्हींत प्रेम आहे, असे मला मनापासून वाटते.

उत्तर २ (प्रतापनगर): वरील मताशी मी सहमत आहे, फक्त त्यांच्याकडे शिस्त नाही, असा समज होऊ नये. काठीवरचा ध्वज सूर्यास्तापूर्वी उतरवायचा आणि जमिनीला लागू द्यायचा नाही, हे तेथेही पाळतात. आपल्याकडेही खासगी नागरिकाला वर्षभर तिरंगा फडकवण्याची मोकळीक 26 जानेवारी 2002 पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेनेच दिली.

उत्तर ३ (सदर): आजोबांनी डेन्मार्कचा ध्वज आनंदाने हाती घ्यावा, त्यात तिरंग्याचा अवमान नाही. तिरंगा मात्र केकमध्ये खोवू नये. उशी, रुमाल, नॅपकिन यांवरही तो छापण्यास आपली संहिता मनाई करते. भिंतीवर दोन्ही ध्वज सारख्या आकाराचे आणि एकाच उंचीवर लावावेत. शेजाऱ्यांनी कारण विचारल्यास 1923 चे नागपूर त्यांना अवश्य सांगावे.