आठ नंबरची सुरी आणि ८२ किलो

(अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार, घरच्या ग्रुपवर)

ताई (ल्यों): बाळा, घेतली रे तुझी सुरी. ओपिनेल, ती फ्रेंच घडीची सुरी, आठ नंबर, बीच झाडाच्या लाकडाची मूठ. पात्यावर मुकुट आणि हाताचा शिक्का आहे, तुला फोटोत दाखवला होता तोच. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पुण्यात पोचते. आल्या आल्या तुझ्या हातात देणार. आठ किलो उतरवलेस, आता दोन किलोंसाठी अडून बसू नकोस.

मी: ताई, घेतलीस हे वाचूनच किती बरं वाटलं. पण हातात नको देऊस. गुढीपाडव्याला आईसमोर बोललोय, दसऱ्यापर्यंत ८२ करीन आणि मगच सुरी घेईन. तेव्हा ९२ होतो. आज सकाळी ८४.१. पाच आठवडे तिथंच घुटमळतोय.

आत्या: हातात तर देऊच नका. सुरी, सुई, मीठ हातोहात देत नाहीत, भांडणं लागतात. खाली ठेवायची, ज्याची त्यानं उचलायची.

आप्पा: ताई, विमानात हातातल्या पिशवीत ठेवू नकोस. चेक-इनच्या बॅगेतच टाक, नाहीतर तिथंच काढून घेतील.

ताई: हो आप्पा, सामानातच बांधलीय.

दादा: मला एक कळत नाही. वजन उतरवायचं तर उतरव, पण बक्षीस म्हणून सुरी कशाला? चांगले बूट घे, घड्याळ घे. रोज वापरात तरी येईल.

मी: दादा, सांगतो. गेल्या वर्षी दिवाळीनंतर राजगडला गेलो होतो, तू नव्हतास. गुंजवण्यातून चढलो. चोर दरवाजाच्या खाली रेलिंग आहे ना, तिथं माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. दर दहा पावलांवर थांबत होतो. बाकीचे कधीच वर गेले. मी पद्मावती तळ्याकाठी पोचलो तेव्हा काकडीची सालं आणि मिठाची पुडी उरली होती. माझ्यासाठी चार फोडी डब्याच्या झाकणाखाली ठेवल्या होत्या. कोणी काही बोललं नाही, उलट प्रेमानं पुढं केल्या. पण त्या खाताना मला आजोबा आठवले.
आठवतंय, गावी बागेत जाताना? त्यांच्या कमरेला आकडी, आकडीत कोयती. सत्तरी उलटलेली, तरी आपल्या पुढं चालायचे. आपण धापा टाकत पोचेपर्यंत शहाळी तासून तयार असायची. ज्याच्या कमरेला पातं तो पुढं, आणि तोच सगळ्यांना कापून देणार, हे तेव्हापासून माझ्या मनात बसलंय. बूट पायात घालून मी मागेही राहू शकतो. सुरी मला वर आधी पोचायला हवीय. मागून येणाऱ्यांसाठी काकडी मी कापून ठेवायचीय.

दादा: हं. हे बोलला नव्हतास कधी.

मी: आणि दुसरं. आपल्या घरात चांगलं काही झालं की पेढे, नाहीतर श्रीखंड. उतरवलेल्या वजनाचं बक्षीस मला ताटात नको होतं.

आई: कोयती आहे अजून. माळ्यावर, खोबरेल लावून फडक्यात गुंडाळलीय. आकडीची दोरी मात्र कुजली.

वहिनी: भाऊजी, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण घरात सहा वर्षांची पोर आहे. सुरी बॅगेत, बॅग दारामागं, हे चालणार नाही. आधी जागा ठरवा.

मी: ठरवलीय वहिनी. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कुलपात. या सुरीला पात्याच्या बुडाशी एक कडं असतं. ते फिरवलं की उघडलेलं पातं बोटांवर मिटत नाही, आणि मिटलेलं पातं आपोआप उघडत नाही. कंपनी १८९० पासूनची, कडं १९५५ मध्ये आलं. तरीही लहान हातांसाठी कडं पुरेसं नाही, कुलूपच पाहिजे. तुमचं बरोबर आहे.

आप्पा: आता माझंही ऐका. पोलीस खात्यात नोकरी झाली म्हणून सांगतो. शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांबद्दल लिहिलंय, त्यातूनही घरकामाची आणि शेतीची अवजारं वगळलेली. तुझं पातं किती?

मी: साडेआठ सेंटीमीटर.

आप्पा: म्हणजे साडेतीन इंचही नाही. तिथं अडचण नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ (१) खाली मनाई आदेश निघतात, सणासुदीला तर निघतातच. त्यात सुरेही येतात आणि काठ्याही. म्हणून खिशात घालून शहरात हिंडायचं नाही. गडावर जाताना सॅकच्या तळाशी, डबा आणि काकड्यांच्या पिशवीत. परत आलास की कपाटात. एवढं पाळ.

मी: पाळीन, आप्पा.

ताई: आणि एक सांगून ठेवते. दुकानदारानं बजावलंय, लाकडी मूठ ओली राहिली तर फुगते आणि पातं खाचेत अडकून बसतं. आपल्याकडचा पाऊस त्यांनी कुठं पाहिलाय! मी म्हणून स्टेनलेसचं पातं घेतलं, कार्बनचं नाही, ते चार दिवसांत गंजलं असतं. मुठीला जवसाचं तेल लाव, मुरू दे, पुसून घे, मग पुन्हा लाव. जून ते सप्टेंबर ती बाहेर काढायचीच नाही असं ठरव.

वहिनी: सुरीचं झालं. आता पाच आठवड्यांचं बोलूया का? आमच्या दवाखान्यात रोज हीच तक्रार असते. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७७०० कॅलरी. दहा किलोंना ७७,०००. पाडवा ते दसरा सहा महिने धरले तर रोज सव्वाचारशेच्या आसपास तूट हवी. पाडव्याला तुम्ही ताट बसवलंत ते ९२ किलोंच्या माणसाचं. ८४ किलोंच्या शरीराला तेवढं लागत नाही, चालतानाही ते कमीच जाळतं. ताट तेच राहिलं, तूट आटत गेली. त्यात पावसानं टेकडी सुटली आणि गणपतीचे दहा दिवस घराघरांत प्रसाद.

मी: टेकडी सुटली हे खरं. वेताळ टेकडीवर चिखल होता म्हणून जिन्यानं चढउतार करत होतो, तेही रोज नाही झालं. मोदकांचं खोटं बोलणार नाही.

वहिनी: मग आता रात्रीचा भात बंद नको, निम्मा करा. त्याजागी मटकीची नाहीतर मुगाची उसळ वाढवा. आठवड्यातून तीनदा बैठका. नुसत्या चालण्यानं वजनाबरोबर मांडीचं मांसही उतरतं आणि गडावर तेच लागतं. कंबर मोजलीत का?

मी: पाडव्याला १०४ सेंटीमीटर होती, आता ९६. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ६.१ होतं, गेल्या महिन्यात ५.६ आलं.

वहिनी: अहो मग हे आधी सांगायचं! ५.७ पासून मधुमेहाचा उंबरठा धरतात. तुम्ही त्याच्या अलीकडं आलात. काटा अडलाय, तब्येत अडली नाहीये. कंबर मात्र ९० च्या खाली आणायचीय.

ताई: म्हणूनच म्हणते, सुरी घेऊन टाक. खरं काम झालंय.

दादा: मलाही तसंच वाटतं. आकड्यात काय ठेवलंय?

मी: दादा, आकडा मीच ठरवला होता. कोणी लादला नव्हता. आता दोन किलो सोडून दिले तर पुढं राजगडाच्या पायथ्याशी मी स्वतःला काय सांगणार? मी पाच आठवडे रोज पहाटे उठलो ते त्या बोलण्यावर. सुरी दोन हजारांच्या आतली वस्तू आहे, कधीही घेता आली असती.

आप्पा: बरोबर आहे त्याचं. शब्द दिलाय.

आत्या: मी सांगू का, वाद नको. ताई आली की सुरी देवापाशी ठेवा. खंडेनवमीला विळी, अडकित्ता, कोयती मांडतो त्यांच्या शेजारी मांडू. हळदकुंकू लावू. मग बाळानं ज्या दिवशी ८२ होईल त्या दिवशी उचलावी. पाटावर असेल तोवर ती कोणाची नाही, देवाची.

आई: चालेल. आकडीला नवी दोरी ओवून ठेवते.

(खंडेनवमी)

ताई: हा फोटो. मधे आजोबांची कोयती, डावीकडं आईची विळी, उजवीकडं आठ नंबर. कोयतीची धार अजून लखलखतेय, मूठ मात्र त्यांच्या अंगठ्याच्या जागी खोल गेलीय. मी अंगठा ठेवून पाहिला, माझा त्यात हरवतो.

मी: मी पण ठेवला. मलाही मोठी होते.

दादा: सकाळचा आकडा?

मी: उद्या सांगतो. दसऱ्याचं ठरलंय.

(दसरा)

मी: सगळ्यांना दसऱ्याच्या शुभेच्छा. पहाटे पर्वती दोनदा चढलो, १०३ पायऱ्या, मधे थांबलो नाही. घरी येऊन काट्यावर उभा राहिलो. ८२.४.

ताई: अरे! चारशे ग्रॅम! घाम पुसलास तरी उतरतील.

दादा: उचल रे आता.

मी: नाही दादा. पाटावरच आहे. मुलीनं विचारलं, बाबा, तुमची ना? म्हटलं, अजून नाही.

वहिनी: पाणी कमी पिऊन उतरवू नका हं. आठवडाभरात आपसूक होईल.

आप्पा: होईल तेव्हा राजगड ठरव. मी गुंजवण्यापर्यंत गाडीनं येतो, खाली बसून राहीन.

आत्या: बाळा, उचलशील त्या दिवशी मला फोन कर, ग्रुपवर नको. आणि कोजागिरीचं तुझं दूध वेगळं ठेवते, बिनसाखरेचं.