झांबियाला सूट द्यायची, तर बाँडवाल्यांनी का नाही?

तांबट:
झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये बाँडचं, म्हणजे खासगी गुंतवणूकदारांना विकलेल्या कर्जरोख्यांचं, ४.२५ कोटी डॉलर व्याज थकवलं. चीन, फ्रान्स वगैरे सरकारी धनकोंशी ६३० कोटींच्या कर्जाची फेररचना जून २०२३ मध्ये ठरली. बाँडवाल्यांचं मिटायला जून २०२४ उजाडला. एकाने हप्ते सोडायचे आणि त्यातून दुसऱ्याची वसुली व्हायची, ही कसली कर्जमाफी? हे बाँड इंग्लंडच्या कायद्याखाली निघालेत. तिथेच कायदा करा: सरकारं देतील तेवढी सूट खासगीवाल्यांनीही द्यायची.

हिशेबनीस:
अहो, अर्धीच गोष्ट सांगताय. बाँडवाल्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्येच समझोता केला होता. ‘आमच्याइतकी सूट नाही’ म्हणून सरकारी धनकोंच्या समितीनेच तो परत पाठवला. शिवाय हे काही मिशीला पीळ देणारे सावकार नव्हेत, यात पेन्शन फंडांचेही पैसे असतात. सक्ती केलीत तर उद्या झांबियाला कोण देणार, आणि कोणत्या दराने?

तांबट:
दराचंच म्हणता? २०१२ च्या बाँडला ५.३७५ टक्के, २०१५ च्याला ८.९७. जोखमीचं भाडं आधीच घेतलंय की! आता जोखीम दारात आल्यावर कुरकुर कसली?

गोदाकाठ:
यावरून डोनेगल नावाच्या कंपनीचं प्रकरण आठवलं. रुमानियाने १९७९ मध्ये ट्रॅक्टर-अवजारांसाठी झांबियाला उधारी दिली. ते थकलेलं कर्ज या कंपनीने १९९९ मध्ये ३३ लाख डॉलरच्या आसपास विकत घेतलं आणि साडेपाच कोटींचा दावा ठोकला! लंडनच्या कोर्टाने २००७ मध्ये दीड कोटीच्या वर देववले. मग ब्रिटनने २०१० मध्ये अशा वसुलीला चाप लावणारा कायदा केला. पण तो जुन्या कर्जांपुरता, या बाँडांना लागू नाही. आणि लंडनचा बाजार काही त्याने उठला नाही.

हिशेबनीस:
डोनेगलने भंगाराच्या भावात घेतलं होतं. २०१५ मध्ये जवळपास पूर्ण किंमत मोजणाऱ्याला त्याच तराजूत घालू नका. २०२४ मध्ये या लोकांनी सुमारे ८४ कोटी डॉलरच्या दाव्यांवर पाणी सोडलंय.

तांबट:
सोडलं, आणि देशाचं बरं चाललं तर जास्त द्या, अशी अटही एका नव्या बाँडात घातली. बरं, तुमचा तो पूर्ण किमतीवाला ओळखायचा कसा? देश बुडाल्यावर पडत्या भावात घेणारेही त्याच रांगेत उभे असतात.

हिशेबनीस:
कोणी कितीला घेतला ते जाहीर करायला लावा, माझी ना नाही. सक्तीला आहे.