मस्टँग, चॅलेंजर, कॅमारो: नव्या अवतारांपैकी जुन्या मसल कारची खरी वारस कोणती?

घनइंच यांचा प्रश्न

१९६० च्या दशकातील अमेरिकन मसल कारवर, म्हणजे साध्या गाडीत मोठे, ताकदवान इंजिन बसवलेल्या गाड्यांवर, मनापासून प्रेम करणाऱ्या सर्वांना एक प्रश्न विचारायचा आहे. फोर्डने २००५ च्या मस्टँगला तिचा साठच्या दशकातला चेहरा परत दिला, डॉजने २००८ मध्ये चॅलेंजर पुन्हा आणली आणि शेव्हरोलेने २००२ मध्ये बंद केलेली कॅमारो २०१० चे मॉडेल म्हणून पुन्हा उभी केली. तिन्ही गाड्यांनी आपापल्या पूर्वजांची ठेवण उघडपणे उचलली आहे. मला त्यांतली चॅलेंजर सर्वांत जास्त आवडते, कारण तिच्या पुढच्या खोल जाळीत बसवलेले चार गोल दिवे आणि मागच्या चाकावर उचलली जाणारी बाजूची रेषा पाहिली की १९७० ची गाडी लगेच ओळखू येते.

तरीही मन पूर्ण तयार होत नाही. मूळ चॅलेंजरचा व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर) ११० इंच होता, नवीचा ११६ इंच आहे, आणि २००८ च्या एसआरटी८ या तिच्या ताकदवान आवृत्तीचे वजन १,८५० किलोच्या वर जाते. तिची चेसिस डॉजच्याच चार दरवाजांच्या चार्जर सेदानच्या चेसिसवरून आखूड करून घेतलेली आहे आणि त्या चेसिसच्या मागच्या सस्पेन्शनची रचना मर्सिडीजच्या ई-क्लासकडून आलेली आहे. जिचे रूप जुने आणि पत्र्याखालचे सगळे वेगळ्याच घराण्यातले, अशा गाडीला पुनरुज्जीवन म्हणावे का? आणि म्हणायचे असेल, तर या तिघींपैकी त्या नावाला सर्वांत पात्र कोणती, आणि ते कशाच्या आधारावर ठरवायचे?

चार बॅरल यांचे उत्तर

आपण तिघींतून एक निवडायला सांगितली आहे, पण माझे उत्तर त्या तिघींच्या बाहेरचे आहे: २००४ ची पॉन्टियाक जीटीओ. हे मत अनेकांना पटत नाही याची मला कल्पना आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

मसल कार ही चित्रकाराच्या टेबलावर जन्मलेली वस्तू नव्हती. जनरल मोटर्सने मध्यम आकाराच्या गाड्यांसाठी इंजिनाच्या आकारमानाची मर्यादा ३३० घनइंच (सुमारे ५.४ लिटर) ठरवून दिली होती, आणि जॉन डिलोरियन मुख्य अभियंता असताना तिच्याच पॉन्टियाक विभागाच्या मंडळींनी त्या नियमातली फट शोधली. नियम मॉडेलला लागू होता, ग्राहकाने जादा पैसे देऊन घ्यायच्या पॅकेजला नव्हता. म्हणून १९६४ च्या साध्या टेम्पेस्ट लेमान्सवर सुमारे २९६ डॉलरचे जीटीओ नावाचे पॅकेज देऊन तिच्यात मोठ्या पॉन्टियाकचे ३८९ घनइंची व्ही-८ (इंग्रजी व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांचे) इंजिन बसवण्यात आले. चार बॅरलच्या, म्हणजे चार तोंडांच्या, कार्ब्युरेटरवर (इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागावर) ते ३२५ अश्वशक्ती देत असे आणि तीन कार्ब्युरेटरच्या ट्राय-पॉवर रचनेवर ३४८. मध्यम आकाराची सर्वसामान्य गाडी, तिच्यात मावेल तेवढे मोठे इंजिन आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणाला झेपेल अशी किंमत, एवढेच ते सूत्र होते. १९६४ ची जीटीओ टेम्पेस्टपेक्षा दिसायला किती वेगळी होती? काळी जाळी, बोनेटवरचे दोन फुगवटे आणि काही अक्षरे, यापलीकडे फारसे काही नव्हते.

आता २००४ ची जीटीओ पाहा. जनरल मोटर्सच्याच ऑस्ट्रेलियातील होल्डन कंपनीची मोनारो ही गाडी जनरल मोटर्सचे वरिष्ठ अधिकारी बॉब लुट्झ यांच्या आग्रहामुळे जीटीओ म्हणून अमेरिकेत आली. साधी, नेटकी, फारशी नजरेत न भरणारी कूपे, तिच्यात शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या घराण्यातले ५.७ लिटरचे एलएस१ इंजिन, ३५० अश्वशक्ती, हवा असल्यास सहा गतींचा मॅन्युअल गिअरबॉक्स, मागच्या चाकांना ताकद आणि मागे स्वतंत्र सस्पेन्शन (दोन्ही चाके वेगवेगळी हलू देणारे). पुढच्याच वर्षी ६.० लिटरचे एलएस२ इंजिन आले आणि ताकद ४०० वर गेली. जुन्या सूत्राची एकही अट तिने मोडलेली नाही. तरीही समीक्षकांनी आणि ग्राहकांनी तिला दिसण्यावरून नापास केले आणि २००६ मध्ये ती बंद झाली. दोन वर्षांनी डॉजने नेमकी उलटी वाट धरली, म्हणजे जुने रूप हुबेहूब उतरवले आणि गाडी कितीही मोठी व जड झाली तरी चालवून घेतले, आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. ग्राहकाला काय हवे होते हे यावरून नक्की कळते. पण वारसा कोणाकडे गेला हे विक्रीच्या आकड्यांवरून ठरवणे मला मान्य नाही.

मागचा ॲक्सल यांचे उत्तर

चार बॅरल यांचा युक्तिवाद मला आवडला, पण त्यात गाडी चालवण्याचा अनुभव कुठेच येत नाही. जुन्या गाड्यांविषयी बोलताना आपण आकड्यांना नको तेवढे महत्त्व देतो, आणि ते आकडेही बहुधा एका मापाने मोजलेले नसतात.

एक उदाहरण देतो. १९६६ ते १९७१ या काळातल्या डॉजची मूळ कंपनी क्रायस्लरच्या ४२६ घनइंची 'हेमी' नावाच्या इंजिनाची जाहीर ताकद ४२५ अश्वशक्ती होती आणि २००८ च्या चॅलेंजर एसआरटी८ मधील ६.१ लिटर हेमीचीही ४२५ च. पण जुना आकडा 'ग्रॉस' पद्धतीचा आहे, म्हणजे इंजिन स्टँडवर ठेवून, एअर फिल्टर आणि गाडीचा मूळ सायलेन्सर न लावता मोजलेला. अमेरिकेत १९७२ च्या सुमारास 'नेट' पद्धत आली आणि त्यात इंजिन गाडीत असते तसे, सगळ्या जोडण्यांसह मोजले जाते. दोन्हीकडे ४२५ असले तरी दोन्ही आकड्यांची तुलना करता येत नाही. त्यात भर म्हणजे जुन्या गाड्यांपैकी कित्येक चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि अरुंद बायस-प्लाय (जुन्या पद्धतीचे, तिरप्या थरांचे) टायर घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. सरळ रेषेत त्या धावत, पण पुढचे वळण आणि थांबण्याचे अंतर हा चालकाच्या हिमतीचा विषय होता.

म्हणून माझ्या मते पुनरुज्जीवन म्हणजे जुन्या गाडीची उणीव दूर करून तिचा स्वभाव टिकवणे. या कसोटीवर मी २०१५ ची मस्टँग निवडेन. २००५ च्या गाडीचे रूप सुंदर होते, पण तिच्यात मागे अखंड ॲक्सलच, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा, होता. तो स्वस्त आणि दणकट असतो, क्वार्टर माइलच्या (सुमारे ४०० मीटरच्या) शर्यतीत सुटताना चांगली साथ देतो, मात्र खडबडीत वळणावर एका चाकाचा धक्का दुसऱ्यापर्यंत पोहोचवतो. २०१५ मध्ये फोर्डने संपूर्ण मस्टँग श्रेणीला स्वतंत्र सस्पेन्शन दिले, कारखान्यातूनच उजव्या हाताच्या स्टिअरिंगची गाडी बनवायला सुरुवात केली आणि जुन्या रूपाची नक्कल बरीच सैल केली. पुढे आलेल्या शेल्बी जीटी३५० या मस्टँगच्या आवृत्तीचे ५.२ लिटरचे इंजिन तर मिनिटाला ८,२५० फेऱ्यांपर्यंत फिरते, आणि जुन्या मस्टँगच्या चालकाला ही गोष्ट स्वप्नातही सुचली नसती.

कॅमारोबद्दल थोडेच लिहितो. २०१६ ची सहावी पिढी कॅडिलॅक एटीएस या सेदानच्या अल्फा चेसिसवर आली, आधीच्या पिढीपेक्षा बरीच हलकी झाली आणि वळणावर तिघींतली सर्वांत तयार गाडी ठरली. पण १९६९ च्या ठेवणीच्या हट्टापायी काचा इतक्या अरुंद राहिल्या की बाहेर नीट दिसत नाही, ही तक्रार तिला शेवटपर्यंत चिकटली. जुन्या रूपाशी इमान राखण्याची किंमत चालकाने मोजावी, हे मला पटत नाही.

ब्रॅम्प्टन ३९२ यांचे उत्तर

मी चॅलेंजर चालवतो, त्यामुळे माझा कल कोणीकडे आहे ते लपवण्यात अर्थ नाही. पण वरच्या दोन्ही उत्तरांत एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली आहे. ती म्हणजे डॉजने जे केले नाही, त्यातच तिचे यश होते.

ही गाडी २००८ पासून डिसेंबर २०२३ पर्यंत कॅनडातील ऑन्टारियोमधल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यात जवळजवळ त्याच चेसिसवर बनत राहिली. फोर्ड आणि शेव्हरोले नव्या पिढ्या आणत होते, तेव्हा डॉजने पत्रा तसाच ठेवून बोनेटखाली भर घातली. आधी ६.१ लिटर, मग ६.४ लिटर म्हणजेच ३९२ घनइंच, २०१५ मध्ये सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) लावलेले ७०७ अश्वशक्तीचे हेलकॅट आणि अखेरीस ई८५ या मुख्यतः इथेनॉलच्या इंधनावर १,०२५ अश्वशक्ती देणारी डेमन १७०. जुनी गाडी म्हणून सगळे तिला मोडीत काढत होते, आणि तरीही २०२१ मध्ये अमेरिकेत तिने मस्टँगपेक्षा जास्त विक्री केली.

चार बॅरल यांचे सूत्र मला पूर्ण मान्य आहे आणि त्याच सूत्राने मी चॅलेंजरचा दावा मांडतो. चेसिसचा खर्च एकदा वसूल झाला की उरलेला पैसा इंजिनात घालता येतो. म्हणूनच २०१५ ची स्कॅट पॅक आवृत्ती ४८५ अश्वशक्तीसह चाळीस हजार डॉलरच्या आत मिळत होती. आहे त्या साध्या सेदानची चेसिस, त्यात सर्वांत मोठे, सुपरचार्जर नसलेले व्ही-८ आणि पगारदार माणसाला हप्त्यांवर झेपणारी किंमत, हेच १९६४ मध्ये पॉन्टियाकने केले होते. घनइंच यांना सेदानची चेसिस हा दोष वाटतो, तर मला तोच वारशाचा पुरावा वाटतो. शिवाय तिच्या मागच्या सीटवर मोठी माणसे खरोखर बसू शकतात आणि डिकीत कुटुंबाचे सामान मावते. बाकी दोघींबद्दल असे म्हणता येणार नाही.

घनइंच यांचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. सेदानची चेसिस मी उणी बाजू म्हणून मांडली होती, पण १९६४ च्या टेम्पेस्टशी ती अशी जोडून पाहिल्यावर माझी शंका बरीच मिटली. आता एक उपप्रश्न विचारतो. चॅलेंजर आणि कॅमारो दोन्ही २०२३ च्या अखेरीस थांबल्या. त्यानंतर आलेली विजेवरची चार्जर डेटोना याच वंशात धरायची का?

असमान ठोका यांचे उत्तर

ताकद पाहिली तर धरायला हरकत नाही, कारण तिची स्कॅट पॅक आवृत्ती ६७० अश्वशक्तीपर्यंत जाते. माझा आक्षेप तिच्या आवाजाला आहे. डॉजने त्यासाठी फ्रॅट्झॉनिक नावाची यंत्रणा बसवली आणि व्ही-८ ची आठवण व्हावी असा नाद मुद्दाम निर्माण केला.

अमेरिकन व्ही-८ चा तो गडगडाट कोणी ठरवून बनवलेला नव्हता. क्रॉस-प्लेन क्रँकशाफ्टवर (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, ज्याचे खांदे एकमेकांशी काटकोनात असतात) एका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट समान अंतराने होत नाहीत. त्यामुळे त्या बाजूच्या एक्झॉस्टमध्ये धक्के कधी जवळजवळ, कधी लांब पडतात, आणि कानाला ती लय भरते. वर उल्लेख आलेल्या जीटी३५० मध्ये फ्लॅट-प्लेन क्रँक (सगळे खांदे एकाच पातळीत असलेला) आहे, म्हणून तीही व्ही-८ असूनही तिचा सूर वेगळा, चढा आणि सलग लागतो. यंत्र जसे असते तसा आवाज निघतो, आणि मला या गाड्यांचा लळा लागला तो नेमका याच सच्चेपणामुळे. विजेच्या मोटरचा स्वतःचा सूर आहे, तो तिने निःसंकोच लावावा.

त्या मानाने ३.० लिटरच्या, दोन टर्बोंच्या सहा सिलिंडरी हरिकेन इंजिनाची पेट्रोलवरची नवी चार्जर मला अधिक प्रामाणिक वाटते. ती व्ही-८ असल्याचे भासवत नाही आणि वरच्या आवृत्तीत ५५० अश्वशक्ती देते. सहा सिलिंडर म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की १९६४ ची मूळ मस्टँगही १७० घनइंची, १०१ अश्वशक्तीच्या सहा सिलिंडरी इंजिनासह २,३६८ डॉलरला मिळत होती. व्ही-८ साठी तेव्हाही जादा पैसे मोजावे लागत.

या नव्या चार्जरबद्दल मला खरी खंत वाटते ती वेगळीच. तिच्यात मॅन्युअल गिअरबॉक्स नाही, आठ गतींचा ऑटोमॅटिकच घ्यावा लागतो. त्यामुळे आपण चर्चा करत असलेल्या तिन्ही घराण्यांत व्ही-८ आणि क्लच (म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्स) दोन्ही एकत्र हवे असतील, तर नव्या गाड्यांमध्ये आज फक्त मस्टँग उरली आहे, आणि तिच्यातही जीटी किंवा डार्क हॉर्स याच आवृत्त्यांपैकी एक घ्यावी लागते.