लेड झेपेलिनच्या चौथ्या अल्बमवरचा म्हातारा : टॅरोचं पान की मोळी घेऊन निघालेला गडी?

कंदीलवाला
लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा चौथा अल्बम ८ नोव्हेंबर १९७१ला आला. कव्हरवर बँडचं नाव नाही, अल्बमचंही नाव नाही. बाहेर पोपडे उडालेली भिंत आणि तिच्यावर टांगलेलं चित्र : पाठीवर काटक्यांची मोळी घेतलेला, वाकलेला म्हातारा. मागच्या बाजूला उंच इमारत. कव्हर उघडलं की आत कड्यावर उभा एक वृद्ध. अंगात झगा, एका हातात काठी, दुसऱ्या हातात उंच धरलेला कंदील.

हा आतला वृद्ध म्हणजे टॅरोचं, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात त्या चित्रपत्त्यांचं, नववं पान, हर्मिट. एकांतवासी साधू. १९०९मध्ये लंडनहून निघालेल्या टॅरोच्या रायडर-वेट संचात चित्रकार पामेला कोलमन स्मिथने तो जसा काढला, जवळपास तसाच. बँडचा गिटारवादक जिमी पेज याला गूढविद्येचं वेड होतं हे काही गुपित नाही. इंग्रज गूढविद्यावाला अ‍ॅलिस्टर क्राउली याचं स्कॉटलंडमधलं लॉक नेस सरोवराकाठचं बोलेस्किन हाउस त्याने विकत घेतलं होतं. तिसऱ्या अल्बमच्या तबकडीवर, जिथे गाणं संपून सुई आत सरकते तिथे, क्राउलीचं वाक्य कोरलेलं आहे. बँडच्या १९७६च्या चित्रपटात तर पेज स्वतःच कंदीलधारी हर्मिट होतो.

माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. बाहेरचा मोळीवाला म्हणजे 'टेन ऑफ वाँड्स', दहा काठ्यांचा भार वाहणारा माणूस. मागची इमारत म्हणजे सोळावं पान, टॉवर. आधी भार, मग पडझड, आणि आत गेल्यावर उजेड. सगळं कव्हर हा एकच मांडलेला डाव आहे. पटतंय का?

खोडरबर
नाही पटत. मोळीवाल्याचं मूळ छायाचित्र २०२३मध्ये सापडलं. ते व्हिक्टोरियन काळातल्या छायाचित्रांच्या एका वहीत होतं, छायाचित्रकार अर्नेस्ट फार्मर. चित्रातला माणूस इंग्लंडच्या विल्टशरमधला लॉट लाँग. घरं शाकारायचं काम करायचा, १८९३मध्ये वारला. म्हणजे स्मिथने पानं रंगवण्याच्या सोळा वर्षं आधीच. पाठीवरच्या काटक्या दहाच आहेत का, तेही एकदा मोजून बघा.

कव्हरवर आहे ती त्याच छायाचित्राची रंगवलेली प्रत, बँडचा गायक रॉबर्ट प्लँट याला जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळालेली. जुना खेडूत माणूस आणि त्याच्या मागे शहराच्या इमारती, एवढाच तो विरोध. पेजनेही मुलाखतीत हाच अर्थ सांगितलाय. साप साप म्हणून भुई धोपटण्यात काय हशील?

कंदीलवाला
अहो, छायाचित्रकाराच्या मनात काय होतं हा माझा प्रश्नच नाही. त्या दुकानात इतरही चित्रं असतील. त्यातून हेच उचललं, आणि नेमक्या हर्मिटच्या कव्हरवर लावलं. अर्थ निवडीत असतो.

खोडरबर
निवडीत असतो, मान्य. पण तुम्ही तो कसा शोधताय ते बघा. टॅरोची पानं ७८. त्यात राजा आहे, राणी आहे, सूर्य, चंद्र, तारा, रथ, चाक, प्रेमिक, मृत्यू, काठ्या, पेले, तलवारी, नाणी. माणसाच्या आयुष्यातलं काय सुटलं? जगातलं कुठलंही कव्हर माझ्यापुढे ठेवा, पाच मिनिटांत तीन पानं काढून देतो. जी पद्धत प्रत्येक वेळी 'सापडलं' असंच म्हणते, तिने काहीच सापडत नाही. कव्हरवर काय असतं तर तुम्ही 'इथे टॅरो नाही' असं म्हणाला असतात? याचं उत्तर द्या.

आतल्या चित्राबद्दल माझा वाद नाही. बॅरिंग्टन कोल्बीचं ते चित्र अल्बमच्या श्रेयनामावलीत 'द हर्मिट' म्हणूनच छापलंय. त्यासाठी हेरगिरी लागत नाही.

जुनी तबकडी
मी जरा वेगळ्या काळजीने लिहितोय. या शोधाशोधीची किंमत बँडवाल्यांनी मोजली आहे. ब्लॅक सॅबथ या दुसऱ्या ब्रिटिश रॉक बँडचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७०मध्ये आला. आत उलटा क्रूस आणि त्यात कविता. तो क्रूस बँडला न विचारताच घातला गेला होता. पण लोकांनी तो बँडच्या श्रद्धेचा पुरावा मानला, आणि सैतानपूजक हा शिक्का वर्षानुवर्षं पुसला गेला नाही. पुढे १९८२मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळ समितीपुढे झेपेलिनच्या याच अल्बममधलं गाणं उलटं वाजवून त्यात सैतानाचा संदेश ऐकला गेला! म्हणून माझा आग्रह आहे, कव्हर वाचण्याआधी ते कुणी केलं हे विचारा. चित्रकाराने, कंपनीने की बँडने?

नववं पान
मी बरीच वर्षं टॅरो वाचते, त्यामुळे मला दोन्ही बाजूंना अडवायचंय.

आधी कंदीलवाल्यांना. हर्मिट मुळात गूढविद्येचा नाहीच. टॅरो हा पंधराव्या शतकातला उत्तर इटलीतला पत्त्यांचा खेळ. तिथल्या व्हिस्कोंती-स्फोर्झा संचातल्या म्हाताऱ्याच्या हातात कंदील नाही, वाळूचं घड्याळ आहे. तो आहे काळ. टॅरोत इजिप्तचं प्राचीन ज्ञान दडलंय ही गोष्ट फ्रेंच लेखक कूर द जेबलँने १७८१मध्ये पॅरिसमध्ये छापली. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणाला वाचताही येत नव्हती, शाम्पोलियॉंने ती उलगडली १८२२मध्ये. म्हणजे 'प्राचीन गूढ चिन्ह' म्हणून आपण जे दाखवतो, ते बरेचदा शे-दोनशे वर्षांपूर्वीचं असतं.

आता खोडरबर यांना. 'छापलंय, विषय संपला' इथे तुम्ही फार लवकर थांबता. चित्र नीट बघा. स्मिथच्या पानात साधू एकटा आहे, बर्फावर उभा, मान खाली. कोल्बीच्या चित्रात कड्याखाली एक छोटी आकृती आहे, वर चढत साधूकडे येणारी. ही आकृती पानात नाही. मग आली कुठून? स्मिथकडून हा संच काढून घेणाऱ्या वेटने आपल्या पुस्तकात या पानाबद्दल लिहिलंय की साधूचा दिवा सुचवतो : मी जिथे आहे तिथे तूही येऊ शकतोस. ही चढणारी आकृती म्हणजे त्याच वाक्याचं चित्र आहे, असं मला वाटतं. पान बघून नक्कल करणाऱ्याला ती सुचणार नाही, पान वाचलेल्याला सुचेल. माझी कसोटी अशी : मूळ पानाशी सारखं काय, याला महत्त्व कमी. काय बदललं आणि तो बदल पानाच्या अर्थाला धरून आहे का, ते तपासायचं. मोळीवाला या कसोटीवर टिकत नाही. आतलं चित्र टिकतं.

खोडरबर
ही आकृती मी कधी नीट पाहिलीच नव्हती. आता चित्र उघडून बसलोय. तुमची कसोटी चुकू शकते, म्हणूनच मला ती आवडली. अल्बमवर चौघा वादकांनी नावाऐवजी एकेक चिन्ह दिलंय, त्या चार चिन्हांचं काय? जॉन पॉल जोन्स आणि बॉनम यांनी आपली चिन्हं रुडॉल्फ कोखच्या चिन्हसंग्रहातून उचलली. कोख हा जर्मन अक्षररचनाकार. तिथे मला तरी दीक्षा-मंत्र दिसत नाहीत.

नववं पान
त्या दोघांबद्दल तुमचंच बरोबर. पेजचं चिन्ह वेगळं ठेवा. त्याने त्याचा अर्थ उघडपणे सांगितलेला नाही, म्हणून मीही सांगणार नाही.

कंदीलवाला
लॉट लाँगचं १८९३ वाचून माझा 'टेन ऑफ वाँड्स' पडला. निवडीचा मुद्दा मी काढला खरा, पण त्या निवडीमागे टॅरो होता याचा एकही पुरावा माझ्याकडे नाही. खोडरबर, 'टॅरो नाही असं कधी म्हणाल' याचं माझं उत्तर : बाहेरच्या कव्हरवर नाही. आणि टॉवरही सोडतो. पानातल्या टॉवरवर वीज कोसळते, माणसं खाली पडतात; इथली इमारत शांत उभी आहे. आतला साधू मात्र सोडत नाही. नववं पान, तुम्ही दाखवलेल्या त्या चढणाऱ्याकडे आणखी निरखून पाहिलं. त्याच्या हातात दिवा नाही.